जागेचा रुमाल

श्यामसुंदर आगाशे यांच्याजवळ दोन रुमाल असत. एक नाकासाठी आणि एक जागेसाठी. नाकाचा रुमाल चारचौघांसारखाच होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जागेचा रुमाल मात्र जाड मांजरपाटाचा, पांढरा, निळ्या काठाचा, आणि त्याच्या एका टोकाला पक्की गाठ मारून आत पन्नास ग्रॅमचं पितळी वजन बांधलेलं. स्वारगेटला एसटी लागली की बाकीचं जग दाराशी चेंगरायचं. आगाशे गाडीच्या कडेने शांतपणे चालत जायचे, खिडकी निवडायचे आणि हात फारसा वर न नेता रुमाल आत सोडायचे. वजनामुळे तो भरकटत नसे. नेमका सीटवर जाऊन बसे. नुसताच रुमाल टाकणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "वाऱ्याच्या भरवशावर जागा धरतात," असं ते म्हणायचे.

हे वजन उगाच सुचलेलं नव्हतं. आगाशे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. मंडईतल्या कांदे-बटाटेवाल्यापासून लोणी काळभोरच्या गुळाच्या वखारीपर्यंत चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले. तराजू खरा की खोटा हे ओळखायची रीत साधी आहे. दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवायची, काटा बघायचा, मग वजनांची अदलाबदल करायची आणि पुन्हा बघायचा. खोटा तराजू अदलाबदलीत उघडा पडतो. ही रीत ते कोणालाही, कधीही समजावून सांगत. एकदा त्यांनी ती लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला सांगितली होती आणि मागची सगळी पंगत खोळंबली होती.

सत्त्याण्णव साली ते निवृत्त झाले. त्याच सुमारास तराजूही निवृत्त व्हायला लागले. दुकानादुकानांत चपटी डबडी आली, त्यांच्यावर लाल आकडे पळायला लागले. कोथरूडच्या त्यांच्या नव्या सोसायटीखालच्या वाण्याने डबडं आणलं त्या दिवशी आगाशे त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "काटा कुठे आहे?" त्यांनी विचारलं. वाणी म्हणाला, "काटा नसतो काका, आत चिप असते." "म्हणजे विश्वास ठेवायचा," आगाशे म्हणाले आणि साखर न घेताच घरी आले. त्या दिवशी त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, पण बायकोला त्यांनी साखर संपली आहे एवढंच सांगितलं.

आता बायकोबद्दल. पद्मजाबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. साऱ्या जगातले डोंगर त्यांना उंचीसकट पाठ होते आणि पुण्याच्या टेकड्या सोडल्या तर प्रत्यक्षात त्यांनी पाहिला होता एक, माथेरानचा. तोही अडुसष्ट साली, लग्नानंतर चौथ्या दिवशी. नेरळला छोटी गाडी लागली. आगाशांनी रुमाल टाकला, खिडकीजवळची जागा पटकावली, नव्या नवरीला तिथे बसवलं, आणि "आलोच" म्हणून खाली उतरले. त्या गाडीला डब्याडब्यांच्या मध्ये ब्रेक फिरवणारे लोक असतात असं त्यांना कळलं होतं. ते जे गेले ते दोन तास एका ब्रेकवाल्याशेजारी उभे राहून, चढ किती, उतार किती, चाकाला लाकूड लावता की लोखंड, हे विचारत माथेरानला पोहोचले. त्यांच्या जागेवर एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली. पद्मजाबाईंचा मधुचंद्राचा प्रवास असा तीन कोंबड्यांच्या शेजारी झाला.

तेव्हापासून हेच चाललं होतं. नाटक असो, एसटी असो, कात्रजच्या बागेची सहल असो, आगाशे जिवाचं रान करून जागा मिळवायचे, बायकोला सन्मानाने बसवायचे आणि स्वतः काहीतरी बघायला निघून जायचे. नाट्यगृहात ते पडदा कसा वर जातो ते बघून यायचे. त्यांच्या दृष्टीने नवऱ्याचं कर्तव्य जागा मिळवण्यापाशी पूर्ण होत होतं. आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. पस्तीस वर्षांत पद्मजाबाई कुठल्याही प्रवासात उभ्या राहिल्या नाहीत. फक्त त्या एकट्या बसल्या.

दोन हजार तीन साली त्यांचा मुलगा अवधूत आणि सून तनया मलेशियात पेनांगला होते. दोघं सॉफ्टवेअरमध्ये. त्या काळात कोथरूडमध्ये ज्याचा मुलगा परदेशी नाही त्याच्याकडे लोक जरा काळजीने बघत, त्यामुळे आगाशांची कॉलर ताठ होती. अवधूतने फोनवर सांगितलं, "आई, इथे एक डोंगर आहे. वर जायला इंग्रजांच्या काळातली गाडी आहे, दोरावर ओढतात. वर एकदम गार."

पद्मजाबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी मेतकुटाचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "मी येईन. पण माझी एक अट आहे."

"औषधं मी घेतली आहेत," आगाशे म्हणाले.

"औषधांचं नाही. त्या डोंगराच्या गाडीत तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. खालपासून वरपर्यंत. उठायचं नाही, बघून येतो म्हणायचं नाही. माथेरानची भरपाई म्हणा हवं तर."

"एवढंच ना? बसेन की."

"शब्द द्या."

"अगं, शब्द काय द्यायचा त्यात? बसणं म्हणजे काय अवघड काम आहे?"

पण शब्द दिला. आगाशांनी आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता. अर्थात फारसा कोणी मागितलाही नव्हता.

मुंबईच्या विमानतळावर रुमालाने पहिली अडचण केली. यंत्रातून पिशवी गेली आणि शिपायाने ती उघडायला लावली. "ये क्या है?" "वजन." "किसका?" "पचास ग्राम का," आगाशे म्हणाले. त्याने ते साहेबाला दाखवलं, साहेबाने हातात तोलून बघितलं. आगाशे त्याला म्हणाले, "बरोबर आहे, मी दर वर्षी तपासतो." साहेबाने पद्मजाबाईंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्याने गाठ पुन्हा बांधून दिली.

पेनांगला चौथ्या दिवशी, एका बुधवारी, अवधूतने ऑफिसला जाता जाता आईवडिलांना डोंगराच्या पायथ्याच्या स्टेशनवर सोडलं. तिकिटं हातात दिली, चार वाजता इथेच घ्यायला येतो म्हणाला आणि स्वतःजवळचा जादा मोबाइल पुढे केला. तो पद्मजाबाईंच्या पर्समध्ये गेला. तनया दुसराही द्यायला निघाली होती, पण आगाशे म्हणाले, "एका जोडप्याला दोन फोन कशाला? आम्ही एकत्रच आहोत." हे वाक्य लक्षात ठेवावं.

शिवाय चुकामूक झालीच तर काय करायचं याचा आगाशांच्या घरात नियम होता. जो हरवला त्याने जागचं हलायचं नाही, दुसऱ्याने शोधत यायचं. हा नियम त्यांनी अवधूतला गणपतीच्या गर्दीत शिकवला होता आणि तो कधी चुकला नव्हता. नियमात एकच उणीव होती. हरवलं कोण हे त्यात सांगितलेलं नव्हतं.

स्टेशनात गाडी उभी होती. एकच डबा, जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरका रचलेला, आत लाकडी बाकं, सरकत्या काचांच्या खिडक्या. समोर रूळ नाकासमोर सरळ डोंगरावर चढत गेलेले. दाराशी तमिळ वळणाचा, काळासावळा, हसरा गार्ड उभा होता. त्याच्या छातीवर मुनियांडी असं नाव होतं.

आगाशांनी खिडकीतून रुमाल सोडला. गाडी अर्धी रिकामी होती, पण सवय ती सवय. पद्मजाबाई खिडकीशी बसल्या, आगाशे शेजारी बसले. त्यांनी हात मांडीवर ठेवले. शब्द म्हणजे शब्द.

गाडी निघाली आणि मुनियांडी प्रवाशांना इंग्रजीत सांगायला लागला की ही गाडी एकोणीसशे तेवीस सालची. दोराच्या एका टोकाला ही गाडी, दुसऱ्या टोकाला दुसरी. ही वर जाते तेव्हा ती खाली येते. एकीचं वजन दुसरीला उचलतं.

आगाशांच्या अंगावर काटा आला. हा तराजू होता! डोंगराएवढा तराजू, दोन पारडी, मधे दोर. सहा वर्षं त्यांनी लाल आकड्यांखेरीज काही पाहिलं नव्हतं, आणि इथे परमुलखात माणसं जिवंत तराजूच्या पारड्यात बसून हिंडत होती. त्यांचे डोळे भरून आले हे त्यांनी नंतर कबूल केलं नाही, पण पद्मजाबाईंनी पाहिलं होतं.

"एकच विचारून येतो," ते म्हणाले.

"अहो."

"एकच."

ते उठले आणि मुनियांडीला म्हणाले, वरच्या गाडीत दोन माणसं आणि खालच्या गाडीत चाळीस, तर समतोल कसा? मुनियांडी म्हणाला, वर मोटर आहे. ते परत येऊन बसले. दीड मिनिटाने पुन्हा उठले, कारण मोटर किती ओढते आणि वजन किती ओढतं हे विचारायचं राहिलं होतं. एवढ्यात वाटेत रूळ दुभंगले, दुसरी गाडी शेजारून सरसर खाली गेली, आणि आगाशे तिला बघायला डब्याच्या दुसऱ्या बाजूला धावले. ब्रेकची कोठडी बघू दे म्हणून त्यांनी मुनियांडीच्या मागे लकडा लावला. "अंकल, कॅनॉट ला," मुनियांडी तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला. "ड्रायव्हर वुईल स्कोल्ड मी."

पद्मजाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर दाट हिरवं रान, झाडांवर चढलेली नेची, मधूनच खाली शहर आणि पलीकडे समुद्र. हे सगळं त्या भूगोलाच्या पुस्तकातून तीस वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या. शेजारच्या जागेवर जागेचा रुमाल बसला होता.

डोंगराच्या मध्यावर गाडी थांबली. इथे ही गाडी संपत होती. पुढच्या चढासाठी दुसरा दोर आणि दुसरी गाडी, ती फलाटाच्या पलीकडे उभी. "चेंज, चेंज," मुनियांडी ओरडला. आगाशांना आपला अपराध समजला होता. भरपाई करायची तर ती त्यांना एकाच मार्गाने येत होती.

"तू सावकाश ये," ते म्हणाले. "मी पुढे होऊन उत्तम जागा धरतो. आणि आता शपथ, हलणार नाही."

रुमाल घेऊन ते सगळ्यांच्या आधी उतरले. सरळ पलीकडे गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण उतरताना त्यांना फलाटाच्या टोकाला दोराचं भलंमोठं चाक दिसलं. ते चाक त्यांनी फक्त अर्धा मिनिट बघितलं. तिथून गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या बाजूने आले, तर समोर एका गाडीत माणसं शिरत होती. तोच रंग, तीच बाकं, तीच रेटारेटी. त्यांच्यातला स्वारगेटचा प्रवासी जागा झाला. त्यांनी खिडकी निवडली, रुमाल सोडला, आत शिरले, खिडकीची जागा बायकोसाठी मोकळी ठेवून शेजारी बसले आणि हात मांडीवर ठेवले.

एका चिनी आजीबाईंनी खिडकीच्या जागेकडे बोट केलं. "नो, नो," आगाशे म्हणाले. "माय मिसेस." आजीबाई उभ्या राहिल्या. दारं लागली. पद्मजाबाई आल्या नव्हत्या. गाडी हलली आणि मागे जायला लागली.

चढावर जोर घ्यायला जरा मागे येत असेल, आगाशांना वाटलं. बराच जोर घेते आहे, हेही वाटलं. मग दारापाशी त्यांना मुनियांडी दिसला आणि मुनियांडीला ते दिसले.

"अंकल!" तो म्हणाला. "फिनिश ऑलरेडी? सो फास्ट?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या गाडीतून आले, तिलाच वळसा घालून, तिच्याच दुसऱ्या दारातून ते तिच्यातच चढले होते. "स्टॉप! स्टॉप!" ते ओरडले. पण तराजूचं एक पारडं मधेच थांबवता येत नाही, हे त्यांच्याइतकं त्या गाडीत कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आजीबाईंना खिडकीची जागा दिली आणि पायथ्यापर्यंत उभ्याने गेले.

खाली अर्धा तास थांबावं लागलं. मग तीच गाडी वर निघाली. आगाशे मनात म्हणत होते, नियम आहे, ती हलणार नाही. मी हरवलो नाही, ती हरवली आहे.

अर्ध्या चढावर रूळ दुभंगले. दुसरी गाडी शेजारून खाली आली, आणि तिच्या खिडकीत, मांडीवर पर्स घेऊन, पद्मजाबाई बसल्या होत्या.

"अगं!" आगाशांनी काच सरकवली. "हललीस का? नियम काय आहे?"

"हरवलात तुम्ही! मी शोधायला निघालेय!"

"आता खाली थांब!"

"तुम्ही वर थांबा!"

गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या. डब्यातली सगळी माणसं आगाशांकडे बघत होती. त्यांनी नाकाचा रुमाल काढून उगाच नाक पुसलं.

मधल्या स्टेशनवर मुनियांडीने चौकशी करून त्यांना सगळी हकिकत सांगितली. पद्मजाबाई वरच्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. शेजारची जागा त्यांनी पर्स ठेवून धरली होती. गाडी सुटायची घंटा झाली तरी नवरा येईना, म्हणून त्या उतरल्या आणि गाडी त्यांच्याशिवाय वर गेली. तिथल्या माणसाने त्यांना सांगितलं की एक इंडियन अंकल ओरडत खाली गेले.

आगाशे फलाटावरच्या बाकावर बसले. पस्तीस वर्षं जिला डोंगराच्या गाडीत नवऱ्याशेजारी बसायचं होतं, ती बसलेली उठली होती. तेही त्यांना शोधायला. आपण एका चाकापायी उठलो आणि ती आपल्यापायी उठली. हा हिशेब अदलाबदल करून पाहिला तरी काटा एकाच बाजूला झुकत होता. आगाशांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांना फारशी परिचित नसल्याने ती नक्की काय आहे हे कळायला थोडा वेळ गेला. भूकही असेल असं त्यांना आधी वाटलं. पुऱ्यांचा डबा पद्मजाबाईंकडे होता.

आता प्रश्न होता थांबायचं की जायचं. मी खाली थांब म्हणालो, म्हणजे ती थांबेल, त्यांनी विचार केला. तिच्या गुडघ्यांना उभं राहणं सोसत नाही. नियम गेला खड्ड्यात, आपणच खाली जावं. हा त्यांच्या आयुष्यातला नियम मोडण्याचा पहिला विचार होता, आणि तो त्यांनी लगेच अमलात आणला.

तुमच्या लक्षात आलंच असेल. खाली पद्मजाबाईंनी विचार केला, मी वर थांबा म्हणाले, म्हणजे ते थांबतील. ते चुकूनही नियम सोडायचे नाहीत. आणि त्या वर निघाल्या.

या खेपेला आगाशांना रूळ दुभंगायच्या आधीच कळलं. पहिल्यांदा निळा पदर दिसला. पद्मजाबाईंनीही त्यांना पाहिलं, आणि गंमत म्हणजे त्या चिडल्या नाहीत. त्यांनी काच पूर्ण सरकवली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा अशा आवाजात म्हणाल्या, "मी वर जातेय. अगदी वर. आता मी कोणाला शोधणार नाही. यायचं तर या!"

त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. आगाशांनी ती पाहिली, आणि हात खिशात कधी गेला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. अर्ध्या चढावर, दोन चालत्या गाड्यांच्या फटीतून, पन्नास ग्रॅमचा रुमाल सुटला, समोरच्या खिडकीतून आत गेला आणि पद्मजाबाईंच्या शेजारी नेमका सीटवर जाऊन बसला.

दोन्ही गाड्यांत टाळ्या पडल्या. एका गोऱ्या प्रवाशाने तर शिट्टी मारली. मुनियांडी मात्र धावत आला. "अंकल! थ्रोइंग कॅनॉट!" आगाशे त्याला म्हणाले, "लास्ट टाइम." आणि ते खरंच होतं.

खालून ते पुन्हा वर निघाले तेव्हा खिशात एकच रुमाल होता. मुनियांडीने काही न विचारता त्यांना दाराजवळची जागा दिली. ते बसून राहिले. मध्यावर त्यांनी उतरून, चाकाकडे न बघता, सरळ पलीकडची गाडी धरली, आणि बसायच्या आधी तीन वेगवेगळ्या माणसांना विचारून घेतलं की ही वरच जाते ना.

वर खरंच गार होतं. पुण्यात डिसेंबरात सकाळी सातला असतं तसं. झाडांवरून धुकं सरकत होतं. कठड्याजवळच्या बाकावर पद्मजाबाई पदर लपेटून बसल्या होत्या, आणि शेजारी रुमाल पसरलेला. एक म्हातारे चिनी गृहस्थ समोर अवघडून उभे होते आणि पुरी खात होते. पद्मजाबाईंनी त्यांना पुरी दिली होती, पण जागा दिली नव्हती.

"या," त्या म्हणाल्या. "जागा आहे."

आगाशांनी रुमाल उचलला आणि बसले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं. माथेरानपासून सुरुवात करायची होती. पण ती सवय नसल्याने तोंडातून आलं ते एवढंच, "पुऱ्या किती उरल्या?"

"चार. मी चार खाल्ल्या, एक यांना दिली. तुम्हाला मुद्दाम ठेवल्या असं समजू नका, पोट भरलं म्हणून उरल्या."

त्यांनी चारही खाल्ल्या. खाली शहर, पूल, समुद्र, जहाजं. पद्मजाबाई एकेक नाव सांगत होत्या, कुठली सामुद्रधुनी, पलीकडे कुठला मुलूख. आगाशे ऐकत होते. पाठीमागे कुठेतरी मोटरची घरघर चालू होती, दोराचं मोठं चाक तिथेच असणार, आणि ते चाक फिरल्याचं प्रत्येक वेळी त्यांना ऐकू येत होतं. ते वळले नाहीत. त्यांची मान अवघडली, पण वळले नाहीत.

"चुकलं माझं," ते मधेच म्हणाले.

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "कुठल्या वर्षीचं म्हणताय?"

"अडुसष्टपासूनचं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढची सामुद्रधुनी सांगायला लागल्या.

तीन वाजता उतरायला निघाले. वरच्या गाडीत दोघं शेजारी बसले. मध्यावर गाडी बदलली, दोघं हात धरून एकाच दाराने चढले आणि पुन्हा शेजारी बसले. शाळेची सहल आली होती, डबा खचाखच भरला, मुलं एकमेकांच्या मांडीवर बसली. दारात मुनियांडी होता. आगाशांना बघून तो ओळखीचं हसला, पुढे ड्रायव्हरच्या कोठडीत डोकावून काहीतरी बोलला आणि गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आला.

"अंकल! कम, कम. ड्रायव्हर सेज ओके. यू सी ब्रेक, यू सी एव्हरीथिंग!"

कोठडीचं दार उघडं होतं. आत पितळेचं चकाकणारं हँडल दिसत होतं, आणि एक लांब काटा. काटा! अर्ध्या गोलावर हळूच डावी-उजवीकडे हलणारा, खराखुरा, लोखंडी काटा. आगाशांची बोटं मांडीवर वळवळली.

पद्मजाबाईंनी ते पाहिलं. पस्तीस वर्षांत माणूस पाठ होतो. त्यांनी उसासाही टाकला नाही. "जा," त्या म्हणाल्या, आणि खरोखर मनापासून म्हणाल्या. "सकाळपासून जीव अडकलाय तुमचा. जा, बघून या. माझी काही हरकत नाही आता."

आगाशांनी एकदा त्या काट्याकडे पाहिलं. एकदा आजूबाजूला उभ्या असलेल्या, त्यांच्या बाकावर डोळा ठेवून असलेल्या पोरांकडे पाहिलं. मग ते पद्मजाबाईंकडे थोडे अधिक सरकले आणि मांडीवर हात नीट ठेवले.

"नको," ते म्हणाले. "जागा जाईल."